मोठीमायचं पथ्य

मोठीमायला जखमेचा वास यायचा. तसा तो आपल्यालाही येतो, पण जखम पार बिघडल्यावर. तिला आधी यायचा. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या खोलीत ती एकदम शिरत नसे. उंबऱ्यात उभी राहायची, नाकावरचा पदर बाजूला करायची आणि हवा हुंगायची. मग एक तर "बरं हाय" म्हणत आत यायची, नाहीतर माघारी वळून घरच्या कर्त्या माणसाला खुणेनं अंगणात बोलवायची. ती खूण झाली की घरातल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळायचं. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला आणि मला हसूच आलं. माझं माहेर देऊळगाव राजाचं, वडील शाळामास्तर. त्यामुळे चार गोष्टी आपल्याला जास्त कळतात असा माझा पक्का समज होता.

मोठीमाय म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली वहिनी. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात तिला सगळेच मोठीमाय म्हणत, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तिला स्वतःचं मूल नव्हतं आणि मालकही लवकर गेले. माझी खरी सासू, सुभद्राबाई, पोटातला गोळा काढायच्या ऑपरेशननंतर अंथरुणातच वारल्या. माझे यजमान गजानन तेव्हा जेमतेम चालायला लागले होते. त्या आजारपणात सुभद्राबाईंचं सगळं मोठीमायनंच केलं होतं, आणि पुढे गजालाही तिनंच वाढवलं. दोघी जावा असल्या तरी एकीच्या डोक्यात कंगवा दुसरीनंच घालायचा, इतकं त्यांचं जमायचं, असं सासरे सांगत. जाऊ गेल्यावर मोठीमायनं एक वसाच घेतला. पंचक्रोशीत कुणाचंही पोट कापलं, पाय कापला, गळू फोडलं, की ही आपणहून त्याच्या उशाशी हजर.

तिची एक पत्र्याची पेटी कायम भरलेली असे. त्यात जुन्या लुगड्यांच्या घड्या असत. उकळलेल्या, उन्हात कडक वाळवलेल्या, वर स्वच्छ धोतराचं पान गुंडाळलेलं. साबणाची वडी, पाणी उकळायचं पितळी भांडं आणि हात धुवायला वेगळा तांब्या. पेशंटच्या खाटेवर कुणी टेकलेलं तिला खपत नसे. जखमेला राख, शेण, गेरू असलं काही लावायचं कुणी नुसतं म्हणालं तरी ती असं बघायची की त्यानं पुन्हा तोंड उघडू नये. उकळल्याशिवाय कापड नाही, हात धुतल्याशिवाय शिवणं नाही. हे तिला कुणी शिकवलं होतं ते ठाऊक नाही. तिला विचारलं तर म्हणायची, वासानं शिकवलं.

विडीशी तर तिचं उभं वैर होतं. भेटायला येणाऱ्या पुरुषांना ती दारातच अडवायची आणि बंडीचे खिसे, टोपीची घडी, कानामागची जागा सगळं तपासून विड्या नि आगपेट्या काढून घ्यायची. गावचे पाटीलसुद्धा यातून सुटले नाहीत. "धूर छातीत जाते, छातीतून खोकला येते, अन् खोकल्यानं टाका तुटते," हे तिचं एका दमात म्हणायचं वाक्य. जप्त केलेल्या विड्या ती चुलीत घालायची, आणि त्या जळताना पाटील ज्या नजरेनं चुलीकडे बघत त्यावर आम्ही गावातल्या सुना पुढे कितीतरी दिवस हसत होतो. सगळ्या गावाच्या विड्या हिनं जाळल्या, पण घरच्या गजापुढे मात्र तिचं काही चाललं नाही. तो गोठ्यामागे जाऊन ओढायचा आणि ही न कळल्यासारखं करायची.

आणि मग तिचं पथ्य. या पथ्यासाठीच लोक तिला सगळ्यात जास्त मानत आणि सगळ्यात जास्त घाबरत. ऑपरेशन झालेल्या माणसाला तुरीचं वरण बंद, हरभरा बंद, वांगं बंद, दूध बंद. अंड्याचा तर आमच्या माळकरी घरात प्रश्नच नव्हता. डाळीनं जखमेत पू धरतो, दुधानं ती ओली राहते, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. टाके सुकेपर्यंत फक्त ज्वारीच्या पातळ कण्या, नाहीतर भाताची पेज, तीही मीठ बेतानं घालून. एका काकांनी हर्नियाच्या ऑपरेशननंतर चोरून भरलं वांगं खाल्लं, तर तिनं त्यांच्या बोटांचा वास घेऊन ते ओळखलं आणि बायकामुलांदेखत त्यांना हात धुवायला लावले. खरं सांगायचं तर हे पथ्य तिचं एकटीचं नव्हतं. आमच्याकडे घरोघर हेच चालत होतं. तिनं ते फक्त जास्त निष्ठेनं पाळलं आणि पाळायला लावलं.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. कापूस वेचणीचे दिवस. यजमान शेतातून दुपारीच परत आले ते पोट धरून. आतड्याला पीळ पडला होता, पण आम्हाला वाटलं वात धरला असेल. शेक झाला, ओवा झाला, हिंगाचा लेप झाला, आणि यात तो दिवस आणि पुढची रात्र गेली. पोट तट्ट फुगलं तेव्हा कापूस भरलेल्या ट्रकमधून त्यांना घाट चढवून बुलढाण्याला नेलं. तिथे एका डॉक्टरांचा दहा-बारा खाटांचा दवाखाना होता. डॉक्टर नाशिककडचे, मितभाषी. त्यांनी त्याच वेळी पोट उघडलं, काळं पडलेलं आतडं कापून काढलं आणि बाहेर येऊन सांगितलं की माणूस वाचला आहे, पण जखम नीट भरून येईपर्यंत मी काहीच सांगणार नाही.

मोठीमायनं पेटी खाटेखाली सरकवली आणि कामाला लागली. एरवी लोकांच्या घरी ती जे करायची ते इथे दुप्पट. गजा तिचा जीव होता. तोंडातून पाणी द्यायला लागल्यावर डॉक्टर म्हणाले की आता हळूहळू दूध सुरू करा, मग वरणाचं पाणी, मग घट्ट वरण-भात, जमेल तर अंडं. मोठीमायनं मान डोलावली. दवाखान्यातून येणारं दूध ती घ्यायची आणि शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईला द्यायची. ती बाई मुसलमान होती, आम्ही सगळे तिला खाला म्हणायचो. यजमानांना पेज. मी एकदा धीर करून म्हटलं की मोठीमाय, डॉक्टरांनी दूध द्यायला सांगितलंय. ती माझ्यावर रागावली नाही. मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली, "डाक्टर टाके घालते व माय. जखम भरून आनाचं काम आपलं."

टाके काढले त्याच्या आदल्या दिवशीपासून ती अस्वस्थ होती. दाराशी थांबायची, आत यायची, पुन्हा दाराशी जायची. वास आला होता तिला, आणि या वेळी खुणेनं अंगणात बोलवायला दुसरं कुणी नव्हतं, सासरेही तोवर गेले होते, कर्ती तीच होती. टाके काढल्यावर यजमानांना खोकल्याची उबळ आली. विडीचा जुनाच खोकला. ते पोटावर हात ठेवून म्हणाले, काहीतरी सुटलं. पट्टीतून गुलाबी पाणी पाझरून चादर भिजली होती. मोठीमायनं पट्टीला हात लावला नाही. ती स्वतः धावत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्या वयात तिला धावताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही.

पोट पुन्हा शिवावं लागलं, जाड दोऱ्यानं, आणि वरची कातडी उघडीच ठेवली. ते झाल्यावर डॉक्टर खाटेपाशी स्टुलावर बसले आणि विचारलं की हा आतापर्यंत काय खात होता. मोठीमायनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. उलट जरा अभिमानानंच सांगितलं. डॉक्टर तिच्यावर ओरडतील म्हणून मी भिंतीला चिकटून उभी होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मावशी, टाका दोन कडा नुसत्या धरून ठेवतो. त्या जोडणारं नवं मांस शरीर स्वतः तयार करतं, आणि ते तयार होतं वरणातून, दुधातून, अंड्यातून. तेच मिळालं नाही तर दोरा काढला की कडा सुटतात." मग त्यांनी हेही सांगितलं की दोष एका पेजेचा नाही. अंगात रक्त कमी, विडीनं कमजोर केलेली छाती, दवाखान्यात आणायला झालेला उशीर, सगळं एकावर एक साचलं. तुमचं कापड, तुमचं हात धुणं, तुमची विडीबंदी हे मी माझ्या नर्सला शिकवतो, असंही म्हणाले. पण मोठीमायचं तिकडे लक्ष नव्हतं. ती कुठेतरी दूर बघत होती. मग तिनं विचारलं की वीस-पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या जावेचं पोट कापलं होतं, तिची जखमही अशीच उकलली, तिला मी पेजेवर ठेवलं होतं, तर ते कसं.

डॉक्टरांनी स्टूल तिच्याजवळ ओढलं. म्हणाले की त्या काळी पेनिसिलीन नव्हतं, रक्त द्यायची सोय नव्हती, त्या कशानं गेल्या हे आज कुणालाच सांगता येणार नाही.

"तुम्ही भले मानूस दिसता," मोठीमाय म्हणाली. "पन म्या इचारलं ते सांगा. वरण देलं असतं तं?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "दिलं असतं तर बरं झालं असतं."

मला वाटलं ती आता कोसळेल. ती उठली, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या आणि खालाला जाऊन विचारलं की अंडं कसं शिजवतात. खाला आधी बघतच राहिली. मग दवाखान्यामागच्या वळचणीला दोघींनी तीन दगडांची चूल मांडली. मोठीमायनं गळ्यातली माळ काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवली, अंडी उकळली, सोलली आणि यजमानांना घासाघासानं भरवली. तोंड फिरवून नाही, नीट बघून. मग आंघोळ करून पुन्हा माळ घातली. हे रोज. कुणी माळकरी भेटायला आलं आणि कुजबुजलं तर ती म्हणायची, "देवाशी माहं मी पाहून घेईन." खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरायची हे डॉक्टरांनी शिकवलं होतं. ती रात्रंदिवस ती उशी हाताशी घेऊन बसायची. यजमानांची विडी मात्र त्याच खाटेवर सुटली, आणि त्यासाठी तिला एक शब्दही बोलावा लागला नाही.

जखम तळापासून भरत आली. डॉक्टर पट्टी बदलताना मुद्दाम तिला जवळ बोलवत आणि जखमेत धरलेले नव्या मांसाचे लाल दाणे दाखवत, की मावशी, हे बघा तुमचं वरण. तिला त्यावर हसू येत नसे. ती वाकून वास घ्यायची, "बरं हाय" म्हणायची आणि बाजूला व्हायची. आम्ही घरी आलो तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरले होते.

मला वाटलं, झालं, आता ही पेटी माळ्यावर टाकेल. तिनं उलटंच केलं. आमच्याच गावात एका बाईचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मोठीमाय गेली, उंबऱ्यात उभी राहिली, आत आली आणि वरण मागितलं. त्या घरात कण्या शिजून तयार होत्या. म्हातारी सासू म्हणाली की मोठीमाय, तुम्हीच तर आम्हाला हे पथ्य शिकवलं. त्यावर मोठीमायनं सुभद्राबाईंची गोष्ट सांगितली. नाव घेऊन सांगितली. पुढे प्रत्येक घरात तेच. "माह्या जावेले म्या वरणावाचून ठेवलं. तिची जखम उकलली. ते गेली. तुम्ही तसं करू नोका." इतकंच, स्वतःच्या बाजूनं एक अक्षर नाही. पेनिसिलीन नव्हतं हेही ती सांगत नसे.

मला ते असह्य व्हायचं. मी म्हटलं की मोठीमाय, डॉक्टर सांगतात म्हणून सांगा ना, स्वतःला कशाला उघडं पाडता. ती शेंगा सोलत होती. वर न बघता म्हणाली, "डाक्टरचं कोनी आयकत नाही व माय. मेलेल्या बाईचं आयकते."

लोक ऐकत होते, आणि लोक बोलतही होते. स्वतःला मूल नव्हतं, जावेचं पोरगं पाहिजे होतं, म्हणून हिनं जाणूनबुजून उपाशी मारलं, इथपर्यंत गोष्ट गेली. पाणवठ्यावर मी ती माझ्या कानांनी ऐकली आणि तिथल्या तिथे भांडून आले. घरी येऊन रागारागानं मोठीमायला सांगितलं, तर तिला ते आधीच ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी पेटी उचलून ती पलीकडच्या गावाला गेलीच. माझ्याकडून तिनं एकच गोष्ट मागून घेतली. "गजाले नोको सांगू. त्याले मी सांगन." त्या घटकेला तिचा चेहरा पाहून मला कळलं की साऱ्या तालुक्यापुढे न घाबरणारी ही बाई एका माणसाला घाबरते. त्यानं माय म्हणायचं सोडलं तर तिच्याजवळ मागे काहीच उरणार नव्हतं.

वर्षं गेली, तिनं सांगितलं नाही. सांगायला बसायची आणि भाकरीला मीठ जास्त झालं का असलं काहीतरी विचारून उठायची. हळूहळू आमच्याकडचं पथ्य मात्र बदललं. ऑपरेशन झालेल्या माणसाला बघायला जाताना बायका वरणाचा डबा घेऊन जाऊ लागल्या. हे सगळं एकट्या मोठीमायमुळे झालं असं मी म्हणणार नाही, शाळा आल्या, नर्सबाया गावात आल्या. पण आमच्या भागात ते आधी झालं, आणि का झालं ते मला ठाऊक आहे. आजही कुणी आपली चूक झाकायला लागलं की मला ती शेंगा सोलणारी बोटं दिसतात. चूक सगळ्यांच्याच हातून होते. ती उराशी घेऊन दारोदार फिरणारं दुसरं माणूस मी पाहिलं नाही.

शेवटी ती अंथरुणाला खिळली ते म्हातारपणानं. दुखणं असं काही नव्हतं. खाणं मात्र सोडलं. माझ्या हातचा घास ती तोंडाशी आला की मान फिरवायची. खाणं सोडल्यावर ती आठवडाभरही राहिली नाही. यजमान शेतातून आले की तिच्या उशाशी बसून मऊ वरण-भात भरवायचा प्रयत्न करत. त्यातल्याच एका संध्याकाळी तिनं त्यांचं मनगट धरलं. म्हणाली, "गजा, तुह्या मायले म्या..." आणि पुढे तिला बोलवेना. मी दिव्याची काच पुसत होते, माझे हात तिथेच थांबले.

"मले ठाव हाय, मोठीमाय," ते म्हणाले. "तवाच आयकलं होतं, मोताळ्याच्या बाजारात."

ती कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही. मला ते सुचलं, पण पुढे व्हायचा धीर झाला नाही.

"मंग इतकी वर्सं काऊन नाही बोलला बे?"

"तू घरोघरी सांगत फिरून राह्यली होती," ते म्हणाले. "म्या बोललो असतो तं तू थांबली असती."

मोठीमायनं त्यांचं मनगट सोडलं आणि तोंड उघडलं. त्यांनी वरण-भाताचा घास केला आणि तिला भरवला.